आमची जीप का तापली?

वारंगा फाट्यावर प्रवासी दोन कारणांनी थांबतो. एक, इथली गरम खिचडी आणि भजी खायला; आणि दुसरे, गाडीनेच थांबवले म्हणून. नांदेडहून अर्धापूर ओलांडून आलात की इथे रस्ता फुटतो. एक बाळापूर, कळमनुरी, हिंगोली करीत अकोल्याकडे जातो आणि दुसरा हदगाव, उमरखेड, महागाव, यवतमाळ करीत नागपूरकडे. म्हणून फाट्यावर हॉटेले जितकी, तितकीच पंक्चरची आणि दुरुस्तीची दुकाने. एप्रिल-मे महिन्यात तर दुपारी बारा ते चारच्या दरम्यान बॉनेट उघडून उभ्या असलेल्या पाच-सात गाड्या हमखास दिसायच्या. आम्ही येताजाता त्या पाहत असू आणि मनाशी म्हणत असू, 'काय ही माणसे! गाडीची निगा ठेवत नाहीत.' आपल्यावर ती वेळ आली नाही तोवर माणसाला असे म्हणणे फार सोपे असते.

आम्ही पेशाने कारकून. नांदेडला बी.कॉम. झालो आणि तेव्हापासून जमाखर्चाच्या वह्यांत डोके घालून बसलो आहोत. उरलेला वेळ समाजाच्या कामात जातो. गाडीतले आम्हाला काही कळत नव्हते. पण थोरल्या बंधूंचा मुलगा आय.टी.आय. करून दोन वर्षे पुण्यात ठेक्यावर राबला आणि ठेका संपताच हात हलवीत परत आला. तो म्हणाला, "काका, जुनी जीप मिळायली. वऱ्हाड, बाजार, दवाखाना, भाड्याला कमी नाही." दोन लाख ऐंशी हजारांना नऊ सीटची डिझेल जीप ठरली. पतसंस्थेचे कर्ज काढले. जामीनदार आम्ही. हप्ता थकला तर कपात आमच्या पगारातून व्हायची. तेव्हा जीप पुतण्याची असली तरी तिचा धसका आमच्याही छातीत होता, हे आधीच सांगून टाकतो.

२०२३ च्या अशोक विजयादशमीला वस्तीतल्या मंडळींना घेऊन आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर निघालो. नऊ सीटच्या गाडीत अकरा मोठी माणसे आणि तीन लेकरे. पुढे ऐंशी ओलांडलेली आमची आत्या. टपावर भाकरी, चटणी, पाण्याचे कॅन आणि सतरंज्या. जीपच्या तोंडावर आम्ही खास छापून आणलेला बॅनर बांधला. पाच फूट बाय तीन फूट, चकचकीत फ्लेक्सचा. वर बाबासाहेबांचे चित्र, खाली मंडळाचे नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत आमचेही नाव. बांधताना पुतण्या म्हणाला, "काका, वर कॅरियरला बांधूत का?" आम्ही म्हणालो, "वर कोण पाहतो? समोरून दिसला पाहिजे." दिवे तेवढे मोकळे ठेवले आणि चारही कोपरे सुतळीने ताणून आवळले. तो पुढे काही बोलला नाही.

फाटा सोडला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. ऑक्टोबरचे ऊन चैत्राच्या उन्हाला मागे सारते. हदगाव गेले, पैनगंगेचा पूल आला, मराठवाडा संपून विदर्भ लागला आणि पुतण्याचे लक्ष सारखे समोरच्या काट्याकडे जाऊ लागले. उमरखेडच्या पुढे काटा लाल रेषेला टेकला. त्याने गाडी झाडाखाली घेतली. बॉनेटमधून वाफ निघत होती आणि रेडिएटरच्या झाकणापाशी पाणी कढत होते. आम्ही पुढारी माणूस. रुमाल हाताला गुंडाळला आणि झाकण उघडायला सरसावलो. पुतण्याने आमचे मनगट धरले. "काका, हात जाईल. अर्धा घंटा कुणीच हात लावायचा नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्याने आमचा हात असा धरला असेल. तो धरला नसता तर आज हे लिहायला हा हात राहिला नसता.

पाणी कमी पडले. कॅनमधले लेकरांसाठी राखून ठेवायचे होते. शेजारच्या शेतात एक आखाडा होता. आम्ही दोन रिकामे कॅन घेऊन गेलो. तिथल्या बाईने काही विचारले नाही. बोअर चालू केला, कॅन भरून दिले आणि वर म्हणाली, "म्हाताऱ्या बाईला सावलीत बसवा, भाऊ." परत आल्यावर आत्याने पहिला प्रश्न केला, "कोणते हाव म्हणून इचारलं का तिनं?" आम्ही नाही म्हणालो. आत्या बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या येळंला वरून वतायचे. वंजळीत."

वाचकहो, बाबासाहेबांच्या आठवणींत दौलताबादचा प्रसंग आहे, तो आपणांस ठाऊक आहेच. १९३४ साली किल्ला पाहायला गेलेल्या त्यांच्या मंडळींनी प्रवासाची धूळ धुवायला दाराशी असलेल्या हौदातले पाणी घेतले, तर केवढा गहजब झाला! आपल्या माणसाच्या प्रवासात पाणी ही साधी गोष्ट कधीच नव्हती. त्या दिवशी रस्त्याकडेला जीपसाठी मागितलेले पाणी कुणी जात न विचारता दिले, याचे आत्याला जे वाटले ते आम्हाला पुरते सांगता येणार नाही. सगळीकडे असे होते असेही आम्ही म्हणत नाही. पण त्या बाईने ते केले, म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो.

गाडी निवल्यावर पाणी भरले, निघालो. आर्णीच्या अलीकडे पुन्हा तेच. शेवटी ऊन उतरेपर्यंत थांबलो आणि रात्री गार हवेत हळूहळू नागपूर गाठले. परतीचा प्रवासही रात्रीचाच केला. दिवसाची दोन भाडी बुडाली. पुतण्याचा चेहरा उतरला होता.

आठ दिवसांनी तो एक कागद घेऊन आला. शहरातल्या एका दुकानदाराने गाडीला 'ज्यादा कूलिंग' बसवून देण्याचा अंदाज लिहून दिला होता. मोठा रेडिएटर, पुढे विजेवर चालणारा दुसरा पंखा, इंजिन ऑईल थंड करायला वेगळा कूलर आणि गिअर बॉक्सलाही एक कूलर. एकूण अडतीस हजार. आम्ही कागद पाहिला आणि कारकुनी स्वभावाप्रमाणे पहिले तोंडी लावले ते नकाराचे. तो चिडला. "काका, तुम्हाला कागद कळतो, लोखंड नाही कळत. गाडी तापली तर इंजिन बसंल. हेड वाकडं झालं तर खर्च दुप्पट." बोलण्यात चूक नव्हती. घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "दोघंबी भांडू नका. फाट्यावरल्या चाचाला दाखवा."

फाट्यावरचे चाचा मिस्त्री म्हणजे चाळीस वर्षे तेलात हात असलेला माणूस. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, सगळ्यांची नाडी त्यांना ठाऊक. त्यांनी कागद वाचला, खाली ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "साहेब, तुम्ही हिशेबाचे माणूस. हिशेबातच सांगतो."

त्यांचा हिशेब असा. शंभर रुपयांचे डिझेल जाळले तर ढोबळ मानाने तिसरा हिस्साच गाडी ओढायला कामी येतो. तेवढीच उष्णता धुराड्यातून बाहेर जाते. आणि जवळपास तेवढीच इंजिनच्या अंगात उरते, ती पाण्याने बाहेर काढावी लागते. पंप ते पाणी इंजिनभोवती फिरवतो, तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते आणि नळ्यांना घासून जाणारी हवा ती उष्णता घेऊन जाते. म्हणजे पाणी हा नुसता हमाल. ओझे उचलून न्यायचे. ते शेवटी उतरवून घ्यायचे काम हवेचे.

आम्ही नंतर वाचले की ही बारीक नळ्यांची युक्ती जुनी आहे. १९०० च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख या अभियंत्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात आठ हजारांवर छोट्या चौकोनी नळ्या होत्या. हवेला भिडणारी जागा वाढली आणि पस्तीस अश्वशक्तीची गाडी अवघ्या नऊ लिटर पाण्यावर थंड राहू लागली. हा मायबाख लहानपणीच पोरका झालेला आणि अनाथ मुलांच्या संस्थेत वाढलेला. आमच्या वस्तीतल्या पोरांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

झाकणाचेही तसेच. आम्ही ज्याला साधे टोपण समजत होतो, त्याच्यात स्प्रिंग असते आणि ते दाब धरून ठेवते. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळते; झाकणाने वातावरणाएवढा ज्यादा दाब धरला तर ते एकशेवीस अंशांपर्यंत उकळत नाही. घरच्या कुकरचाच न्याय. म्हणून तापल्या गाडीचे झाकण उघडले की दाब सुटतो आणि शंभराच्या वर गेलेले पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येते. पुतण्याने आमचे मनगट का धरले ते तेव्हा आम्हाला नीट कळले.

चाचांनी जीप तपासायला घेतली. आधी पट्टा पाहिला, ताण ठीक. पंखा हाताने फिरवून पाहिला, ठीक. झाकणाचे रबर कडक होऊन चिरले होते, ते दाब धरीतच नव्हते. रेडिएटर उतरवला. बाहेरून जाळीत चिखल, किडे आणि कापसाचे तंतू अडकले होते. आतल्या नळ्यांत पांढरा थर. आमच्या भागातले बोअरचे पाणी जड. चहाच्या पातेल्याच्या बुडाला जो थर बसतो, तोच नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. मग त्यांनी एक घर उघडून आम्हाला दाखवले. ते रिकामे होते. "इथे थर्मोस्टॅट असतो. आधीच्या मालकाने काढून टाकला. आपल्याकडे बरेच जण काढतात, म्हणतात गाडी थंड राहते."

"मग वाईट काय?" आम्ही विचारले.

"इंजिन थंडही चालत नाही नीट, साहेब. ऐंशी-नव्वद अंशांच्या दरम्यान ते खुश असते. त्याच्या खाली डिझेल जास्त पिते, तेलात काळा गाळ होतो. हा वॉल्व्ह थंडीत पाणी अडवतो, तापले की सोडतो. त्याला काढणे म्हणजे घराला दार नको म्हणण्यासारखे."

मग अडतीस हजारांच्या कागदाकडे वळून त्यांनी एकेक कलम घेतले. ऑईल कूलर उपयोगाचा, पण तो दिवसभर पूर्ण दमावर चालणाऱ्या इंजिनाला. उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर, घाट चढणारा ट्रक. शिवाय ज्यादा नळी आली की ज्यादा जोड आला, आणि तेलाची नळी फुटली तर इंजिन क्षणांत कोरडे. गिअर बॉक्सचा कूलर? हाताने गिअर टाकायच्या साध्या जीपला त्याची गरजच नाही. दातांच्या घर्षणाने होणारी उष्णता थोडी; आतले तेल नीट पातळीवर ठेवले आणि वेळेवर बदलले की झाले. उलट क्लचवर अर्धा पाय ठेवून गाडी चालवायची सवय सोडा, म्हणाले. त्याने क्लच जळतो.

कूलर लागतो तो ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला. आमचे पुण्याचे जावई तशी गाडी घेऊन आले होते, तेव्हा चाचांनी आम्हाला ते प्रत्यक्ष दाखवले. तिथे इंजिन आणि गिअर यांच्यामधली ताकद तेलातूनच जाते. घाटात रांगेत गाडी इंचाइंचाने सरकते तेव्हा ते तेल नुसते घुसळले जाते आणि तापते. बहुतेक गाड्यांत त्या तेलाची नळी रेडिएटरमधूनच फिरवलेली असते. कायम ओझे ओढायचे किंवा घाटातच राहायचे असेल, तर तिथून निघणारे तेल पुढे आणखी एका छोट्या कूलरमधून नेतात. जाणकारांचा ठोकताळा असा की तेल ठराविक मर्यादेच्या वर गेले की दर दहा-अकरा अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते. लाल तेल तपकिरी झाले आणि जळका वास आला तर समजावे, आता उशीर होतो आहे.

राहिला दुसरा पंखा. चाचा म्हणाले, "उभ्या गाडीला, मिरवणुकीत पायी चालीने जाणाऱ्या गाडीला पंखा कामाचा. रस्त्यावर साठच्या वेगाने वारा आपोआप येतो. तुमची गाडी कुठे तापली?"

"मोकळ्या रस्त्यावर," पुतण्या म्हणाला.

"रोजच्या भाड्याला तापते?"

"कधी काटा थोडा वर चढतो. पण लाल रेषेला नाही गेला."

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "मग त्या दिवशी समोर काही बांधले होते का?"

वाचकहो, दुकानात ट्रकच्या इंजिनचा आवाज चालू होता म्हणून बरे. पुतण्या खाली पाहत होता. आम्हीच म्हणालो, "बॅनर होता."

"कापडाचा?"

"फ्लेक्सचा."

चाचा हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "फ्लेक्समधून हवा जात नाही, साहेब. पंखे दोन लावा नाहीतर चार. ओढायला हवा तर पाहिजे ना?"

परत येताना आम्ही पुतण्याला विचारले, "तुला ठाऊक होते?" तो म्हणाला, "शंका होती, काका. कॅरियरला बांधू म्हणलो की मी."

"मग रस्त्यात का नाही बोललास? सोडला असता आपण."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबासाहेबांचं चित्र होतं त्याच्यावर. तुमचं नाव होतं. आणि जामीनदार तुम्ही हाव."

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आम्ही वीस वर्षे सभांतून सांगत आलो की तरुणांनी बोलले पाहिजे, प्रश्न विचारले पाहिजेत. आणि आमच्याच घरातला तरुण, ज्याला लोखंड कळते, तो आमच्या एका सहीखाली दबून गप्प बसला. अकरा माणसे आणि तीन लेकरे उन्हात रस्त्याकडेला बसली, आत्याला चक्कर यायची वेळ आली. आणि तरी त्याला 'काका, तुमचे चुकले' म्हणता आले नाही. त्यापेक्षा अडतीस हजारांचे आणखी कर्ज काढणे त्याला सोपे वाटले. कर्जाला जामीन राहिलो म्हणजे पोराच्या तोंडावर हात ठेवायचा हक्क मिळत नाही. सकाळी आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "गाडीतले तुला कळते. तिथे तुझे चालेल." तो "बरं" म्हणाला. आमच्या घरात माफी याहून मोठी मागितली जात नाही.

चूक एकट्या बॅनरची नव्हती, हेही खरे. थर साचला होता, झाकण गेले होते, आणि नऊच्या जागी अकरा माणसे कोंबली होती. आधीच अर्धमेल्या गाडीचे आम्ही नाकतोंड दाबले. चाचांनी रेडिएटर साफ केला, नवा थर्मोस्टॅट आणि नवे झाकण बसवले. बोअरच्या पाण्याऐवजी कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे भरले. कूलंटमुळे आत गंज आणि थर धरत नाही, आणि उकळायलाही जरा उशीर लागतो. ते विषारी असते आणि चवीला गोड, म्हणून डबा लेकरांच्या हाताला लागू द्यायचा नाही असे त्यांनी दोनदा बजावले. सगळे मिळून आठ हजार चारशे झाले. उरलेल्या पैशांचे कर्ज काढलेच नाही.

पुढच्या मे महिन्यात परीक्षा झाली. भर दुपारी वस्तीतली एक लेक अडली आणि तिला नांदेडला न्यायचे ठरले. तिची आई, एक सुईण आणि आम्ही असे बसलो. रस्त्यावर मृगजळ दिसत होते. पोर कण्हत होती आणि आमची नजर त्या काट्यावर खिळली होती. अर्धापूर आले, काटा मध्यावर. अर्धापूर गेले, काटा मध्यावर. पुतण्याने एकदाही काट्याकडे पाहिल्याचे आम्हाला दिसले नाही. तो रस्ता पाहत होता. वेळेत पोचलो. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मुलगी झाली.

गाडी असलेल्या कुटुंबांना आता चार गोष्टी सांगतो. ज्यादा काही बसवण्याआधी जे आहे ते धड आहे का ते पाहा. झाकण, पट्टा, पाण्याची पातळी, रेडिएटरची जाळी. काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण उघडा. गाडीतल्यांना उकडेल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडेल. तरी उतरला नाही तर थांबा. अर्धा तास झाकणाला हात लावू नका आणि तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, लोखंड तडकते. आणि लग्नाचे हार असोत, जयंतीचा बॅनर असो की सभेचा, गाडीच्या जाळीवर काही बांधू नका.

पुढच्या वर्षीही आम्ही दीक्षाभूमीवर गेलो. नऊच माणसे, बाकीची एस.टी.ने आली. बॅनर टपाच्या कॅरियरला बांधला, पुतण्याने बांधला. त्यावर बाबासाहेबांचे चित्र होते आणि मंडळाचे नाव होते. आमचे नाव आम्हीच काढायला सांगितले होते. आत्या या वेळी आल्या नाहीत, गुडघे चालत नाहीत. पण निघताना त्यांनी गाठोडे दिले. उमरखेडच्या पुढे त्या आखाड्यापाशी जीप थांबवली. बाईला दशमी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. तिने आम्हाला ओळखले आणि पुतण्याला विचारले, "आज पाणी नको का, भाऊ?"

तो म्हणाला, "गाडीला नको, ताई. आम्हाला द्या."